तारेखालचा माड

आमच्या केंद्रशासित प्रदेशाचं राज्य झालं तेव्हा आमच्या बाबांइतका आनंद अख्ख्या पार्से गावात कुणाला झाला नसेल. "आता आमचे कायदे आमीच करतलों," हे ते तिठ्यावर भेटेल त्याला ऐकवत. पुढे खरंच एक कायदा आमच्या वाड्यापर्यंत आला. वीज खंडित होऊ नये म्हणून तारांवर झुकलेली झाडं तोडायची, मग ती कुणाचीही असोत.

गरज होतीच. वारा सुटला की झावळ तारांवर पडायची, लाइट जायची, पंप बंद पडून नळही कोरडे व्हायचे. पण फळता माड तोडणं म्हणजे आमच्याकडे घरचं माणूस तोडणं. शेजारच्या काकींचे दोन माड गेले. त्या रडत होत्या आणि बाबा त्यांना कायदा समजावत होते. समजावायला बाबांना फार आवडे.

आठवड्याभरात वीज खात्याची माणसं आमच्या परसात आली. आमचाही माड तारेवर झुकला होता. लग्नानंतर आईनं डिचोलीहून, माहेरून, रोप आणून तो लावलेला. बाबांचं तोंड एवढंसं झालं.

"आमदार वळखीचो आसा. खांबो वायच पलीकडे सरकवन घेतंय," ते हळूच म्हणाले. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

आईनं ते ऐकलं. "काकींचे माड कापले तेन्ना खांबो सरकलो नाय. आमचो इलो म्हणान येगळो?"

घरच्या बाईनं माडाला सांगितल्याशिवाय आमच्याकडे कुणी त्याला कोयता लावत नाही. आईनं आधी तारांपासून लांब एक कोंब आलेला नारळ पुरला. मग माडाला हळदकुंकू लावलं, बुंध्यावर हात ठेवून बराच वेळ पुटपुटत राहिली. डोळे पुसून म्हणाली, "कापा."

काकी कुंपणापलीकडून बघत होत्या. माड पडला तशा त्या आत आल्या आणि आईचा हात धरून पायरीवर बसल्या. मला रडूही येत होतं आणि आईचा अभिमानही वाटत होता.

वाड्यावर आणखी काही माड ओळखीपाळखीवर तगून होते. संध्याकाळपर्यंत त्यांचे मालक आपणहून आले आणि खात्याच्या माणसांना आपापल्या परसात घेऊन गेले. बाबा ओट्यावर बसून ते बघत होते.

कायदा पणजीत झाला, हे खरं. आमच्या वाड्यावर तो लागू केला माझ्या आईनं.