पाटी वाचणारे काका

“थांबा, पाटी आली,” असं म्हणत काका खुर्चीतून अर्धवट उठायचे आणि उजवा हात वर करायचे. तो हात पाहिला की आमची पहिली रांग कान टवकारून बसायची.

पाटी म्हणजे मूकपटात मध्येच पडद्यावर येणारा मजकूर. अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरी गावच्या लायब्ररीत महिन्यातून एका शनिवारी दुपारी जुने मूकपट दाखवतात, कोपऱ्यात एक बाई पियानो वाजवतात. मराठी घरांतले भारतातून आलेले आईवडील तिथे जमायचे. काका निवृत्त इंजिनियर. ते या मंडळींना इंग्रजी पाट्या मराठीत मोठ्याने सांगायचे.

सांगायचे तेही पदरचं घालून. पडद्यावर नुसतं ‘ती गेली’ असलं तरी काका म्हणायचे, “ती गेली. आता बसलाय हा डोक्याला हात लावून. आधी ऐकायचं नाही ना कोणाचं.”

माझी आई सहा महिन्यांसाठी आली की दिवसभर एकटीच घरात असायची. त्या शनिवारसाठी मात्र ती आदल्या दिवशीच साडी काढून ठेवायची. “एरवी लोक हसून झाले की मी हसते,” ती म्हणायची. “तिथे सगळ्यांबरोबर हसते.”

मागच्या रांगेतल्या एका अमेरिकन आजोबांना हे सहन होईना. त्यांनी तक्रार केली. लायब्ररीच्या बाईंनी गोड शब्दांत सांगितलं की वाचन बंद करा. “मग मी घरीच बरी,” आई म्हणाली.

काकांनी वाद घातला नाही. ते लायब्ररीच्या तळघरात जुनी वर्तमानपत्रं चाळत बसले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, म्हातारा रुसलाय. मीही तसंच समजून विचारायला गेले.

“अगं, मूकपटांच्या काळी इथल्या गिरण्यांत कामाला देशोदेशीचे लोक आले होते. सगळ्यांना थोडंच इंग्लिश येत होतं? कोणीतरी वाचून दाखवत असणारच. आय जस्ट वॉन्ट टू नो, कोण?”

तीन आठवड्यांनी चार ओळी सापडल्या. गावच्या सभागृहात सिनेमा असला की गिरणीतली एक मुलगी आपल्या लोकांना त्यांच्या भाषेत पाट्या सांगायची. नाव दिलेलं नव्हतं. काकांना त्याचंच वाईट वाटलं. “एवढं केलं पोरीने. नाव लिहायला काय झालं होतं यांना?”

लायब्ररीच्या बाईंनी त्या ओळी दोनदा वाचल्या आणि परवानगी दिली. अमेरिकन आजोबा येत राहिले, हाताची घडी घालून.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. त्यानंतरच्या पहिल्या खेळाला मी आईला घेऊन गेले. पहिली पाटी आली आणि गेली. दुसरीही गेली. आई मांडीवर हात ठेवून नुसती बघत होती.

तेवढ्यात मागून आवाज आला, “इजन्ट एनीबडी गोइंग टू रीड इट?”

तेच आजोबा होते. पाटी इंग्रजीतच होती, तरी ते माझ्याकडे बघत थांबले होते.

मी अर्धवट उठले, हात वर केला आणि होते तेवढे चार शब्द मराठीत सांगितले.

“एवढंच?” आई म्हणाली.