गिरणीतला आवाज

बंद पडलेल्या या कापडगिरणीत आता कॉफी मिळते. ओतीव लोखंडाचे खांब तेच ठेवलेत, त्यांच्या माथ्यावरची लोखंडी पानंसुद्धा रंगवून चकचकीत केलीत. पाहत राहावं असं सगळं. तरी मला काही स्वस्थ बसवेना. उगाच खुर्ची बदलून पाहिली.

शेजारच्या टेबलावर एक आजोबा सुनेला सांगत होते, आपले माग इथं कुठे होते ते. सांगत कसले, ओरडतच होते. वेटर अदबीने म्हणाला, "काका, जरा हळू."

"इथं हळू बोलून कुणाला ऐकू जाणार?" ते सवयीने बोलून गेले आणि लगेच वरमले.

मला वेटरचा नाही, त्या खांबांचाच राग आला. कारखान्याच्या खांबालाही पानं फुटावीत असं तेव्हा कुणाला तरी वाटलं, ते आपण कौतुकाने जपलं. त्या पानांखाली, मागांच्या खडखडाटाच्या वर चढणारे माणसांचे आवाज मात्र आपल्याला नकोत.

आजोबा आता आवाज न काढता नुसते ओठ आणि हात हलवत होते. मागांच्या खडखडाटात कामगार अशा खुणांनीही बोलत असणार. सून पुढे वाकली.

"बाबा," ती म्हणाली, "काहीच ऐकू येत नाहीये."