त्रेचाळीस कामं आणि आप्पांचा फोटो

शिरूरला मी तीन वर्षं फ्लेक्सच्या दुकानात काम केलं. मावशीकडे राहायचो, सकाळी दहाला दुकान उघडायचो आणि दिवसभर लोकांची डोकी कापायचो. म्हणजे फोटोतली. वाढदिवसाचा फ्लेक्स असला की मधोमध वाढदिवसवाला, गॉगल लावून, पांढऱ्या कपड्यांत. वरच्या पट्टीत गोलांमध्ये पुढारी, ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे. खाली शुभेच्छुकांची रांग, कधी बारा तर कधी पस्तीस. मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "डिझाईन कसंबी होऊ दे, पर एकाचाबी फोटू राह्यला न्हाई पाहिजे. माणूस जास्त झालं तर चालंल. कमी पडलं तर भांडान आपल्या दारात येतंय."

त्यात काही खोटं नव्हतं. एकदा माझ्याकडून एका शुभेच्छुकाचा फोटो राहिला, तर तो गडी दुकानासमोर गाडी आडवी लावून उभा राहिला. "मी काय मेलो व्हय?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. आम्ही संध्याकाळपर्यंत नवा फ्लेक्स छापला आणि चौकातला जुना मी स्वतः शिडी लावून उतरवला. त्यानंतर माणसं मोजल्याशिवाय मी एकही फाईल प्रिंटला टाकली नाही.

मला खरं तर गेमच्या कंपनीत काम करायचं होतं. खेळणारा म्हणून मी अगदीच सुमार. समोरून शत्रू येत असायचा आणि मी एखाद्या भिंतीजवळ जाऊन तिचा पोपडा कसा रंगवलाय ते बघत बसायचो. हे सगळं कुणीतरी बसून बनवलेलं असतं, दार, पिंप, विजेचा खांब, पडकी गाडी, आणि त्या कामाचा पगार मिळतो, हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. व्हिडिओ बघून बघून थ्रीडी शिकलो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की शिकायचो, मावशीकडे जेवण झालं की शिकायचो.

आमचं घर पाटसजवळ. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. घराला लागूनच, हायवेच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं वर्कशॉप आहे, उसाच्या ट्रॉल्या बांधायचं आणि दुरुस्त करायचं. वेल्डिंग करून करून त्यांचा उजवा खांदा गेला होता आणि हाताखालचा जुना वेल्डर मुलाकडे राहायला गेला होता. त्यांनी माझ्याशी सरळ बोली केली. "कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत तुझी नोकरी लागली तर जा. मी आडवा येणार न्हाई. न्हाई लागली तर हंगामाला वर्कशॉपला उभं राहायचं. मंग कुरकुर करायची न्हाई." मी हो म्हणालो. बॉयलर पेटायला, म्हणजे उसाचा हंगाम सुरू व्हायला, साडेचार महिने होते. शिरूरची नोकरी सोडून मी घरी आलो.

गेमच्या कंपन्या डिग्री फारशी विचारत नाहीत. त्या लिंक मागतात. आपलं काम मांडून ठेवलेलं इंटरनेटवरचं पान, त्याला पोर्टफोलिओ म्हणतात. मी माझं पान तीन आठवडे खपून बनवलं आणि मला ते फार आवडलं. वर माझा फोटो, गॉगल नव्हता एवढीच काय ती सभ्यता. नाव सोनेरी अक्षरांत. खाली त्रेचाळीस कामं. किल्ला, तलवार, ड्रॅगन, अंतराळयान, भाचीचं चित्र, दुकानात केलेले चार लोगो, एक लग्नपत्रिकासुद्धा. मावशीनं हौसेनं सांगितलं म्हणून तिच्या तुळशीवृंदावनाचं थ्रीडी. अगदी शेवटी ज्यांचे ज्यांचे आभार मानायचे त्यांची यादी, त्यात दुकानाचे मालक, मावशीचे यजमान आणि जुना लॅपटॉप देणारा मामा. आज सांगताना माझे कान गरम होतात, पण तेव्हा मी ती नावं दोनदा मोजली होती. कुणी राहिलं तर नाही ना!

त्या त्रेचाळीसांत आप्पांचं एक चित्र होतं. कपाळावर वर केलेला वेल्डिंगचा मुखवटा, मागे ठिणग्या. फोटोवरून गिरवून वर रंगांची करामत केलेली होती. आप्पांना त्याचं काय अप्रूप! ट्रॉली दुरुस्तीला कुणीही आलं की ते मोबाईल काढायचे, लिंक उघडायचे, अंगठ्यानं किल्ला-बिल्ला भराभर वर ढकलायचे आणि स्वतःपाशी येऊन थांबायचे. "पोरानं काढलंय. इंटरनेटवर हाय, जगात कुठंबी दिसतंय." गिऱ्हाईक मान डोलवायचं. मी आत बसून ऐकायचो आणि मलाही बरं वाटायचं.

दोन महिन्यांत एकवीस ठिकाणी लिंक पाठवली. एकाचंही उत्तर नाही. नकार आला असता तरी चाललं असतं, निदान कुणी बघितलं एवढं कळलं असतं. शेवटी पुण्यातल्या एका गेम स्टुडिओत काम करणाऱ्या बाईंचा पत्ता लागला. त्या दर रविवारी नवख्या मुलांचे पोर्टफोलिओ बघून ऑनलाईन सल्ला द्यायच्या. त्यांनी माझं पान उघडलं, खाली गेल्या, आणखी खाली गेल्या, अजून खाली गेल्या.

"तू नेमका कोण आहेस?" त्यांनी विचारलं.

मी नाव सांगायला लागलो.

"नाव वाचलं मी. माणसं काढणारा आहेस, घरं बनवणारा आहेस, की पत्रिका करणारा? मला गेममधल्या वस्तू बनवणारा मुलगा हवा असेल तर मी त्रेचाळीस चित्रांत तुला कुठं शोधू?" आवाज चढलेला नव्हता, पण मऊही नव्हता. "आणि एक लक्षात ठेव. तुझ्यातलं सगळ्यात कच्चं काम जे असेल, तेवढाच तू, असं आम्ही धरतो. कारण ते कच्चं आहे हे तुला कळलं नाही, असा त्याचा अर्थ होतो. पाच ठेव. तीन असली तरी चालतील."

फोन ठेवल्यावर मला राग आला, आणि राग आला की मी आधी जेवतो. जेवून परत बसलो तेव्हा बाईंचं म्हणणं खरं आहे हे दिसायला लागलं होतं. मी पोर्टफोलिओ नव्हे, फ्लेक्स केला होता. कुणाचा अपमान होऊ नये म्हणून सगळ्यांना जागा दिलेला. मग एकेक काढत गेलो. ड्रॅगनबद्दल काही वाटलं नाही. तुळशीवृंदावनाला हात जड झाला. आप्पांचं चित्र मात्र मी बराच वेळ मोठं करून बघत बसलो. हनुवटीखालची सावली चुकली होती, मुखवटा डोक्यावर बसल्यासारखा नव्हे तर चिकटवल्यासारखा दिसत होता. इतके दिवस मला ते दिसलं नव्हतं, कारण चित्रातलं माणूस माझं होतं. मी ते काढून टाकलं आणि आप्पांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. हिंमत झाली नाही, दुसरं काही कारण नाही.

चार दिवसांनी एक शेतकरी ट्रॉलीच्या चाकांचा आख दुरुस्तीला घेऊन आले. म्हातारे होते, आप्पा त्यांना आबा म्हणत होते. आप्पांनी हात पुसून मोबाईल काढला. मी शेडमध्येच होतो. अंगठा वर गेला, परत खाली आला, परत वर गेला. पानावर आता तीनच कामं होती, त्यामुळे शोधायला फार जागाही नव्हती.

"नेट न्हाई चालत आज," आप्पा म्हणाले आणि मोबाईल खिशात घातला.

जेवताना त्यांनी ताटाकडे बघत विचारलं, "माझा फोटू काढून टाकला व्हय?"

दुकानात असं कुणी विचारलं की आम्ही "प्रिंटिंगमध्ये चूक झाली, दादा" म्हणून मोकळं व्हायचो. इथे ते म्हणता येईना, कारण चूक झालीच नव्हती. मी म्हणालो, "आप्पा, ते काम कच्चं होतं. कच्चं ठेवलं तर मला घेत नाहीत. थोडंच ठेवायचं असतं, पण चांगलं."

"बरं," ते म्हणाले. त्यानंतर तीन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "अरे, गावात कुणाच्या फ्लेक्सवर त्येंचा फोटू कवा आलाय का?" ते ऐकून मला रडू यायचंच बाकी राहिलं. गावात इतके फ्लेक्स लागले, शिरूरला मी स्वतः कितीतरी केले, आणि आप्पा एकाही रांगेत नव्हते हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

त्या दिवसांत मी चौथं काम करत होतो, उसाची ट्रॉली. सोपी वाटली म्हणून घेतली होती. वर इंटरनेटवरचा तयार गंज चढवला होता. चौथ्या दिवशी आप्पा पाणी प्यायला आत आले आणि माझ्या मागे उभे राहिले.

"ह्यो गंज कुठनं आणला?"

"तयार मिळतो."

"म्हणूनच. गंज असा समद्या अंगाला सारखा येत न्हाई, रं. काय गोवर हाय का त्यो?" त्यांनी मला बखोटीला धरून अंगणात नेलं. दुरुस्तीला आलेली ट्रॉली उभी होती. त्यांनी माझा हात धरून तिच्यावरून फिरवला. उसाला आवळायची साखळी घासते तिथे रंग गेलेला, पण गंज नाही. रोज घासून लोखंड चकचकीत. मजूर पाय देऊन चढतात तो एकच कोपरा झिजलेला. पाणी साचतं तिथे खाली गंज, वर पत्रा शाबूत. "आन् तुझा टाका बघ, मशीननं मारल्यावानी सरळ. आमचा वेल्डिंगचा टाका असा असतोय व्हय? हितं हात अवघडतोय, तवा हितं जाड पडणारच." अर्धा तास ते बोलत होते. राग कुठल्या कुठे गेला होता, निदान मला तसं वाटलं. मी तयार गंज पुसून टाकला आणि पुढचे बारा दिवस फक्त ती ट्रॉली केली. रोज संध्याकाळी आप्पा येऊन खोड काढायचे.

पान नव्यानं लावलं. चार कामं, ट्रॉली सगळ्यात वर. त्याच बाईंच्या स्टुडिओत जागा निघाली होती, तिथे लिंक पाठवली. पाचव्या दिवशी मुलाखत, तीही मोबाईलच्या पडद्यावर. बाईंच्या शेजारी त्यांचे वरिष्ठ होते. ते ट्रॉलीपाशी थांबले आणि विचारलं, "इथे रंग गेलाय पण गंज नाही. का?" मी साखळीचं सांगितलं. "आणि हा वेल्ड इथेच जाड का?" मी हात अवघडल्याचं सांगितलं. ते हसले. "हे तुला कोणी शिकवलं?"

"वडिलांनी. ते ट्रॉल्या बांधतात," मी म्हणालो. ज्यांना पानावरून काढलं त्यांच्याच डोळ्यांनी मी पास होत होतो.

घरी करायला आठवडाभराचं एक काम दिलं, ते केलं, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी नोकरीचा मेल आला. बॉयलर पेटायला नऊ दिवस होते. आईनं देवापुढे साखर ठेवली. आप्पा म्हणाले, "ब्येस झालं," आणि शेडमध्ये गेले. मला वाटलं होतं त्याहून ते कमी बोलले. मी मनातल्या मनात थोडा खट्टूही झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अवजारांची पूजा करायची होती. मी हार घेऊन वर्कशॉपवर गेलो तर आप्पा स्टुलावर चढलेले, डाव्या हातात ब्रश, कारण उजवा हात वर जात नव्हता. दारावरची पाटी माझ्या जन्माच्या वर्षी रंगवलेली. तीत त्यांच्या नावापुढे 'अँड सन' असं लिहिलेलं होतं. ते शब्द त्यांनी रंग फासून निम्मे पुसले होते. पहिल्या पातळ रंगाखाली 'सन' अजून दिसत होतं.

"आप्पा, हे काय करताय? राहू द्या की ते."

"तूच म्हणलास न्हवं, थोडंच ठिवायचं पर चांगलं." ते माझ्याकडे न बघता ब्रश फिरवत राहिले. "ही पाटी वाचून तू परत आला असतास, कवातरी. मला ठावं हाय."

मी खाली उभा राहून स्टूल धरलं. त्यांनी रंगाचा दुसरा हात मारला, मग तिसरा.