सामान नाही

उत्तराताईंनी किशोरीच्या निबंधाला पंधरापैकी चार मार्क दिले आणि कागद तिच्याकडे सरकवत विचारलं, "हे शेठजी तुझे कोण लागतात गं?"

टेबलाशी बसलेली रेखा फिसकन हसली. किशोरीही हसली, पण तिचे कान तापले.

सत्तेचाळिसाव्या वर्षी तिनं बाहेरून बी.ए. करायला घेतलं होतं. मे महिन्यात पुण्याला जाऊन पेपर द्यायचे होते. इथे मस्कतमध्येच, अल् खुवैरला मुलाकडे राहणाऱ्या उत्तराताई पूर्वी शाळेत इतिहास शिकवायच्या. दर शुक्रवारी सकाळी त्या या दोघींचा सराव घेत. अस्सल कागदपत्रांवरून निबंध लिहायचा प्रश्न हमखास येतो म्हणून त्यांनी जुन्या धर्तीवर तीन कागद स्वतःच रचले होते. मस्कतच्या एका व्यापाऱ्याचा नोकर घर सोडून का गेला, एवढंच शोधायचं.

पहिला कागद शेठजींच्या रोजनिशीतला. 'नोकर आपखुशीने गावी गेला. आहेर, कपडालत्ता देऊन पाठवणी केली.' दुसरी नोकराची बंदरावरच्या कारकुनाला दिलेली जबानी. 'चोरीचा आळ घेऊन मला हाकलून दिले.' तिसरी गलबतावरच्या उतारूंची यादी. त्याच्या नावापुढे शेरा : सामान नाही.

किशोरीनं चार पानं भरून शेठजींचा दिलदारपणा वर्णन केला होता.

"आहेर घेऊन निघालेला माणूस रिकाम्या हातानं गलबतावर चढतो?" ताई म्हणाल्या. "यादी वाचलीस ना तू?"

"वाचली. पण शेठजींच्या पानावर वर श्री होतं."

"मग?"

"श्री लिहून कोण खोटं लिहील, असं वाटलं."

आता रेखा हसली नाही. ताईंनी चष्मा काढला. "अगं, देवाचं नाव वर त्यानंच लिहिलंय ना? खाली देवाची सही नाहीये. लिहिणाऱ्याला काय झाकायचंय, हे आधी बघायचं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा लिहून आण."

रेखा किशोरीच्याच बिल्डिंगमध्ये, एक मजला वर राहायची. परतताना गाडी तीच चालवत होती. "मनाला नको लावून घेऊस," ती म्हणाली. "मला तरी कुठे जास्त पडलेत, सात." किशोरी मान हलवत राहिली. मार्कांचं तिला काही वाटतच नव्हतं. ताईंचं त्या 'श्री'वरचं बोलणं तेवढं डोक्यातून जाईना.

घरी आल्यावर तिनं कपाटातून मागच्या भाद्रपदाची वही काढली. मस्कतला आल्यापासून बावीस वर्षं ती रोज दुपारी, देवाचं आणि जेवणाचं आटोपलं की, पानभर लिहायची. प्रत्येक पानावर आधी 'श्री स्वामी समर्थ', मग बाकीचं.

'वजीरा आजपासून येणार नाही. माबेलाहून रोज एवढ्या लांब येणं तिला जमेना. स्वामी तिचं भलं करोत.'

अक्षर किती सुंदर आलं होतं.

वजीरा रत्नागिरीकडची. पोळ्या करायला यायची, किशोरीकडे आणि रेखाकडेही. तिला येणं जमत नव्हतं असं काही नव्हतं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चांदीचं निरांजन सापडेना, तेव्हा किशोरीनंच रेखासमोर तिला पिशवी दाखवायला सांगितलं होतं. वजीरानं पिशवी ओट्यावर उलटी केली. ओढणी, डबा, मोबाइलचा चार्जर. ते सगळं तिनं एकेक करून परत भरलं आणि कुणाकडे न बघता गेली. त्याच आठवड्यात रेखानंही तिला नको म्हणून सांगितलं, कारण किशोरी म्हणाली होती, "सांभाळून हं बाई."

मार्गशीर्षात कलशाचं सामान काढताना निरांजन मखराच्या खोक्यात सापडलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, किशोरीच्याच हातचं. त्या दिवशीच्या पानावर होतं : 'पहिला गुरुवार. पूजा छान झाली. निरांजन लावलं.' कुठून आलं, ते नव्हतं. हळदीकुंकवाला आलेल्या रेखाला तिनं सांगितलं होतं, नवीन घेतलं.

वही मिटून ती देवासमोर बसली, पण मान वर करवेना. इतकी वर्षं वर स्वामींचं नाव घालून आपण हे कुणाला दाखवायला लिहीत होतो, तेच तिला कळेना. शेवटी उठून तिनं वजीराला फोन लावला.

"बोला वहिनी." आवाज शांत होता, त्यात ना राग ना ओळख.

किशोरीनं सगळं सांगितलं. पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"मी घेतलं नव्हतं हे मला ठाऊकच होतं, वहिनी," वजीरा म्हणाली. "मला सांगून काय मिळणार? ज्यांच्यापुढे माझी पिशवी उलटी करवलीत, त्यांना सांगा."

"माझं चुकलं गं."

"ते पण त्यांच्यासमोर म्हणा. ठेवते, भात लागेल."

किशोरी लिफ्टसाठी न थांबता जिन्यानं वर गेली. रेखाच्या दारापाशी तिला वाटलं, उद्या सांगितलं तर? नवा निबंध दाखवायच्या निमित्तानं, सहज बोलता बोलता? मग तिनं बेल दाबली.

"ये की, चहा टाकते," रेखा म्हणाली.

"नको. आधी ऐक." किशोरी उंबऱ्याबाहेरच थांबली. "ते निरांजन मी नवीन घेतलं नव्हतं. तेच ते. माझ्याच खोक्यात होतं. वजीरानं काही घेतलं नव्हतं. मी खोटं बोलले."

रेखा दाराला धरून उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "सापडलं कधी?"

"मार्गशीर्षात."

"आणि आता चैत्र चाललाय." रेखा आत बघत बोलली. "जानेवारीत ती आली होती माझ्याकडे, काम आहे का विचारायला. मी साखळीसुद्धा काढली नाही गं. फटीतूनच नाही म्हटलं."

किशोरीला वाटलं, रेखानं आता चार शब्द सुनावावेत. रेखानं मोबाइल काढला आणि ती वजीराचा नंबर शोधू लागली.