खांबाच्या जागी

गिरणीतून दळण घेऊन परत येत होते, तेव्हा दादारावांचा फोन आला. दादाराव म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, कुंदाचे थोरले भाऊ, मोहगावला त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे. "शोभाबाई, कुंदा गेली... आम्ही नागपूरहून निघून राहिलो," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. पोटाचा कर्करोग. दिवाळीनंतर कळला आणि होळीच्या आत तिला घेऊन गेला. डबा हातात धरून मी तशीच रस्त्याच्या कडेला उभी राहिले. किराणा दुकानासमोरच्या एका गृहस्थांनी काय झालं म्हणून विचारलं, मी सांगितलं, तर म्हणाले, "एवढ्या उन्हाच्या तपनीत सायकल चालवत होत्या मॅडम. शरीर किती दिवस सहन करन?" माझा पारा चढला. सायकलीने कर्करोग होत नाही, झालीच तर ढेरी कमी होते, तुम्हीही चालवून पाहा, असं मी त्यांना भर रस्त्यात सुनावलं. मैत्रीण जाऊन तासही झाला नव्हता आणि मी भांडत होते. कुंदाला ते फार आवडलं असतं.

कुंदा आमच्या सौंसरची नकाशेवाली मॅडम. नागपूरला सिव्हिल इंजिनीयर होऊन आली, घरांचे नकाशे काढायला लागली, आणि बाई बांधकामावर उभी राहते हे पाहायला सुरुवातीला लोक चहा घेऊन जमायचे. ती मात्र साइटवर सायकलने जायची. नवी आली तेव्हाही आणि नाव झाल्यावरही. काम लांबचं असलं, पांढुर्ण्याचं किंवा रामाकोन्याचं, तर बसच्या टपावर सायकल चढवायची, तीही स्वतः शिडी चढून. एकदा मी तिच्यासोबत होते. कंडक्टर वैतागून म्हणाला, "मॅडम, इंजिनीयर माणूस तुम्ही, कार घेऊन टाका ना आता." ही वरूनच ओरडली, "घेतो ना! मग तुझी बस कोणाच्या भरोशावर चालन?" सगळी बस हसली. तो कंडक्टर पुढे तिची सायकल स्वतः उतरवून द्यायचा, कुरकुरत का होईना.

शनिवारी वाचनालयाच्या ओट्यावर ती मुलींना पंक्चर काढायला शिकवायची. हात काळे होतात म्हणून नाक मुरडणाऱ्या मुलींना म्हणायची, "हात धुता येतात वं, पण पंक्चर झाली म्हणून शाळा सुटली तं थे शाळा परत येत नाई." तिच्याकडून शिकलेल्या मुलींपैकी कुणी नर्स झाली, कुणी पटवारी. सायकली किती जणींनी सोडल्या ते मी विचारलं नाही. तिनेही विचारलं नाही, पण तिला वाईट वाटायचं.

आता गल्लीबद्दल. बसस्टँडवरून मुलींच्या शाळेकडे जाणारी एक अरुंद गल्ली आहे, एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला नाली. संत्र्याची तोड सुरू झाली की क्रेट भरलेल्या पिकअप बाजारातली गर्दी चुकवायला याच गल्लीत घुसायच्या. एकदा एका पिकअपचा धक्का लागून सातवीतली मुलगी सायकलसकट नालीत पडली, हात मोडला. चार दिवस सगळे हळहळले आणि विसरले. कुंदा विसरणारी नव्हती. नगरपालिकेत खेटे घालून घालून तिने आधी परवानगी मिळवली, मग दारोदार जाऊन तेलाचे रिकामे पिपे मागितले. "पिपा द्या आणि कालवायला या," एवढंच म्हणायची. तिच्या साइटवरच्या मालकांनी उरलेली गिट्टी, सिमेंट दिलं. पिपे एकावर एक ठेवून, आत सळई उभी करून गल्लीच्या तोंडाशी तीन खांब ओतले, तेव्हा गल्लीतल्या बायका पदर खोचून घमेली वाहत होत्या. पत्रा सोलून काढला तरी पिप्याच्या पट्ट्या सिमेंटवर उमटलेल्या राहिल्या. खांबांमधून सायकल जाते, गाय जाते. पिकअप जात नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी कुणीतरी मधला खांब उखडून टाकला. कुंदाने आरडाओरडा केला नाही. छत्री आणि डबा घेऊन आली आणि खांबाच्या जागी स्वतः उभी राहिली. पहिली गाडी आली ती दादारावांची.

"कुंदे, हट. माल सुकून राहिला."

"दादा, मागं घे."

"तू बहीण आहे का वैरीण?"

"बहीण आहो म्हणून उभी आहो. वैरीण असती तं घरी बसून मजा पाह्यली असती."

दादारावांनी गाडी मागे घेतली, पण बोलणं टाकलं. त्या भाऊबीजेला ते आले नाहीत. आमच्याकडे भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. सख्खा भाऊ चार कोसांवर असताना कुंदाने गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. "हा तरी पिकअप घेऊन येत नाई," असं मला म्हणाली, हसली, आणि मग ताट खाली ठेवून रडली. एवढ्या वर्षांत तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं. खांब मात्र आठवड्याभरात पुन्हा उभा राहिला. पुढच्या भाऊबीजेला दादाराव आले, गाडी बसस्टँडवर लावून, पायी.

तिची तेरवी झाली, शोकसभा झाली. एकामागून एक वक्ते उठले. कुंदाताई साध्या होत्या, शांत होत्या, अजातशत्रू होत्या... अजातशत्रू! अर्धं गाव तिच्या नावाने बोटं मोडायचं, आणि त्यातली निम्मी बोटं त्या मंडपात हार घालत होती. मग नगरपालिकेतल्या एकाने जाहीर केलं की गल्लीच्या तोंडाशी तिच्या नावाची संगमरवरी कमान बांधू, आणि पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून गाड्या वाढल्या आहेत तर आत पार्किंगचीही सोय करू. त्यासाठी खांब तेवढे काढावे लागतील. टाळ्या पडल्या. मी उठले. म्हटलं, तिचं नाव लावून तिचेच खांब काढता? "मॅडम, विकास करून राहिलो ना आम्ही," असं उत्तर आलं. पहिल्या रांगेत दादाराव खाली मान घालून बसले होते. मला त्या टाळ्यांपेक्षा त्यांचं गप्प बसणं जास्त लागलं.

मागच्या आठवड्यात सकाळी पाहिलं तर मधला खांब नालीत पडलेला. कुंदाची सायकल आता माझ्याकडे असते. मला चालवता येत नाही, गुडघे ऐकत नाहीत, पण हाताने धरून नेली आणि खड्ड्याशी आडवी लावून उभी राहिले. शाळेच्या मुली बाजूने गेल्या. एकीने विचारलं, "बाई, काय करून राहिल्या?" म्हटलं, खांब झाले आहे. ती हसली नाही. संत्र्याच्या मृगबहाराची तोड सुरू आहे, गाडी येणार हे ठाऊक होतं. आली, आणि ती दादारावांचीच होती. त्यांनी हॉर्न दिला. मी हलले नाही. पुन्हा दिला.

"शोभाबाई, हटा."

"नाही हटत. घाला अंगावर."

ते खाली उतरले. खड्डा पाहिला, सायकल पाहिली, तिच्या सीटवर हात ठेवला. मग स्वतःशीच बोलले, "मेली, पण रस्ता अडवणं काही सोडलं नाई पोरीनं." गाडीत बसले आणि क्रेट कोपऱ्याच्या भिंतीला घासत गाडी उलटी घेऊन बसस्टँडकडे गेले.

मला वाटलं, झालं, आता हेही माझ्याशी बोलणं टाकतील. ऊन चढलं. पाय भरून आले. तेवढ्यात बसस्टँडकडून दादाराव पायी येताना दिसले, खांद्यावर तेलाचा रिकामा पिपा. तो त्यांनी नालीच्या कडेला ठेवला, धोतराला हात पुसले. "तुम्ही बसा थोडं," म्हणाले, आणि खांबाच्या जागी जाऊन उभे राहिले.