पाच किलो तेलाचा साबण

हात धुतल्यावर आधीपेक्षा जास्त तेलकट होतात, असा साबण रत्नागिरीत आजवर एकाच माणसाने बनवला आहे. हा माणूस कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. तो मी.

झालं असं, की आमच्या केतकीचं लग्न राजापूरच्या मुलाशी ठरलं आणि त्याच आठवड्यात लांज्याहून सासूबाईंनी घरच्या नारळांचं पाच किलो तेल पाठवलं. साखरपुड्याला पाहुण्यांना काय द्यायचं, यावर घरात खल चालला होता. मी उठून (कोणीही न विचारता!) जाहीर केलं, "साबण! घरच्या तेलाचा. मी बनवणार."

"अहो, विकतचे आणू," वैशाली म्हणाली.

"वीस वर्षं मी पोरांना लिमिटिंग रिएजंट शिकवतोय!"

"शिकवताय. केलंय कधी?"

असल्या प्रश्नांना शास्त्रज्ञ उत्तर देत नाहीत. मी तिला समजावलं, "वडे दहा आणि पाव दोन असतील, तर वडापाव दोनच होणार. पाव संपला की खेळ खलास. तो पाव म्हणजे लिमिटिंग रिएजंट. इथे तेल आणि कॉस्टिक सोडा असे मोजून घेईन, की दोन्ही एकदमच संपतील!"

"म्हणजे काहीच उरणार नाही?"

"साबण उरेल!"

कागदावर हिशेब मांडला. सोडा तीनशे आठ ग्रॅम. खाली ऐटीत लिहिलं, 'अपेक्षित यील्ड पंच्याण्णव टक्के.' (म्हणजे शंभरातले पंच्याण्णव हाती लागणार, पाच पातेल्याला चिकटणार. आम्ही विनम्र माणसं!) हातमोजे, चष्मा घालून मागच्या पडवीत दोन तास ढवळलं आणि साच्यांत ओतलं.

महिना झाला तरी वड्या धरेनात. बोट लावलं की बोट आत! "हवेत दमटपणा आहे," मी म्हणालो. तरी त्यातल्या त्यात उभी राहणारी एक वडी मी न्हाणीघरात नेऊन ठेवली.

आणि दुसऱ्याच दिवशी विहीणबाई आणि व्याही साखरपुड्याचं ठरवायला आले.

विहीणबाई हात धुवायला आत गेल्या. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मग आतून आवाज आला, "अहो, दार उघडत नाही!"

दाराला आतून गोल पितळी मूठ. ती मीच हौसेने बसवलेली. आणि विहीणबाईंचे हात माझ्या साबणाने माखलेले!

"मूठ फिरवा!" मी बाहेरून ओरडलो.

"मूठ नाही फिरत, हातच फिरतोय!"

"पदराने धरा!"

"पैठणी आहे ही!"

"मग टॉवेलने!"

"त्यालाच पुसले ना मघाशी हात! तोही आता तुपात बुडवल्यासारखा झालाय!"

व्याही दाराशी येऊन उभे राहिले. "काय लावलंत तरी हाताला?" त्यांनी शांतपणे विचारलं. मी छताकडे पाहिलं.

एवढ्यात केतकी माझा हिशेबाचा कागद घेऊन आली. "बाबा, तेलाच्या एका रेणूला सोड्याचे किती लागतात?"

"एक... म्हणजे..."

"तीन! समीकरण बॅलन्सच केलं नाहीत तुम्ही. सोडा एक तृतीयांशच पडलाय. बाकी सगळं तेल तसंच आहे. यील्ड तेहेतीस टक्के!"

'आधी समीकरण बॅलन्स करा' हे वाक्य मी वर्गात इतक्यांदा ओरडलोय, की भिंतींनाही ते पाठ झालं असेल. होणाऱ्या व्याह्यांसमोर पोटची पोर मला नापास करत होती! मी अब्रू सावरायला म्हणालो, "सोपं आहे. पुड्यात उरलेला सोडा दाराखालून आत सरकवू..."

"हात भाजतील त्यांचे!" वैशाली गरजली. मला बाजूला सारून तिने वर्तमानपत्राच्या कागदावर दोन मुठी बेसन घेतलं आणि दाराखालून आत सरकवलं. "हे चोळा हाताला, आणि मग मूठ धरा."

दोन मिनिटांत दार उघडलं. विहीणबाई कोपरापर्यंत पिवळ्या होऊन बाहेर आल्या. केतकीने माझा दंड घट्ट धरला. ठरलेलं लग्न रसायनशास्त्रापायी मोडल्याचं उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नव्हतं.

विहीणबाईंनी आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मुलगी पसंत आहे," त्या म्हणाल्या, "साखरपुड्याला साबण मात्र आमच्याकडून."

आणि त्यांनाच पहिल्यांदा हसू फुटलं. व्याही तर भिंत धरून हसत होते.

पाहुण्यांना शेवटी काजू दिले. उरलेला साबण वैशालीने बरणीत भरला आणि घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना लावून टाकला. आता आमच्याकडे एकही दार कुरकुरत नाही. घरात कुरकुरणारा मी एकटाच उरलो होतो. पण हल्ली मी तोंड उघडलं, की वैशाली नुसती बरणीकडे पाहते!