लिमा म्हणजे हात, लिमा म्हणजे पाच

चंद्रहास मिरजकर सांगलीहून ऑकलंडला शिकायला आला. डिप्लोमा झाल्यावर ईस्ट टामाकीतल्या एका कारखान्यात पत्रे कापणाऱ्या प्रेसवर लागला. शेजारच्या प्रेसवर फिलिपो नावाचा सामोअन माणूस होता, पन्नाशीचा, धिप्पाड आणि मवाळ. मशीनच्या सगळ्या खाचाखोचा त्यानेच चंद्रहासला शिकवल्या.

एकदा स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, एक फिलिपिनो वेल्डर फोनवर आपल्या लहान मुलीला आकडे शिकवत होता. पाचाला तो ‘लिमा’ म्हणाला, तसा फिलिपोने कपातून डोकं वर काढलं. सामोअनमध्येही पाच म्हणजे लिमाच, आणि हातालासुद्धा लिमाच म्हणतात. वेल्डर म्हणाला, आमच्यात लिमा फक्त आकडा, हाताला दुसरा शब्द. पाचासाठी माओरीतलं ‘रिमा’ चंद्रहासला ठाऊक होतं. त्याने सांगितलं, मराठीत हाताला पंजा म्हणतात, तोही पाचावरूनच आलाय, पण फारसीतून.

हे त्याच्या डोक्यात राहिलं. लायब्ररीतून तो पुस्तकं आणू लागला. हजारो वर्षांपूर्वी तैवानहून होड्यांतून माणसं निघाली आणि बेटाबेटांवर पसरली. हा शब्द त्यांच्याबरोबर गेला. मूळचा अर्थ हात. पुढे कित्येक भाषांतून हात गळून पडला, आकडा तेवढा उरला. फिलिपोला तो हे सांगायचा आणि फिलिपो आपल्या नातवंडांना.

२०१५ साली एक मोठी ऑर्डर अडकली. सुपरवायझरने प्रेसपुढची संरक्षक जाळी काढायला लावली. जाळी नसली की काम भराभर होतं. त्याच आठवड्यात चंद्रहासच्या डाव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. फिलिपोने मशीन बंद केलं आणि अँब्युलन्स येईपर्यंत तो हात टॉवेलात धरून बसला.

सरकारी निरीक्षक चौकशीला येणार होता. फिलिपो म्हणाला, “तू खरं सांग. मी साक्ष देतो.”

पण चंद्रहासचा व्हिसा या नोकरीवर होता, कायम राहण्याचा, रेसिडन्सीचा अर्जही तिच्याच आधारावर. त्याच्या बायकोला, निवेदिताला, सातवा महिना लागला होता. सुपरवायझर घरी फळं घेऊन आला आणि जाताना, सांभाळून बोल, एवढंच म्हणाला. चंद्रहासने निरीक्षकाला सांगितलं, जाळी मीच काढली, घाई केली. चौकशी तिथेच मिटली.  तेव्हापासून सुट्टीत फिलिपो दुसऱ्या बाकावर बसू लागला.

मुलगी झाली, रेसिडन्सी मिळाली. वर्षभराने पुन्हा घाईची ऑर्डर आली आणि जाळी पुन्हा निघाली. या वेळी फिलिपोचा उजवा हात मनगटापासून गेला.

चंद्रहास दुसऱ्याच दिवशी निरीक्षकाकडे गेला आणि दोन्ही वेळचं सांगून मोकळा झाला. कारखान्याला शिक्षा झाली. पुढे त्याचं काम गेलं, ते त्याने गृहीतच धरलं होतं.

मग तो फिलिपोच्या घरी गेला. दार त्याच्या बायकोने उघडलं, आत बोलावलं, चहाही दिला. फिलिपो खिडकीशी बसला होता, बँडेज मांडीवर. चंद्रहासने सगळं सांगितलं. फिलिपोने ते शेवटपर्यंत ऐकलं.

“त्या वेळी मी तुझ्यासाठी उभा राहिलो असतो,” तो म्हणाला. “तू मला उभंच राहू दिलं नाहीस.”

रागावला असता तर बरं झालं असतं, असं चंद्रहास नंतर निवेदिताला म्हणाला.  सुपरवायझरने आणलेली ती फळं तिनेच चिरून त्याला दिली होती.

चंद्रहास आणि निवेदिता मुलीला घेऊन ख्राइस्टचर्चला गेले. तिथे २०११च्या भूकंपानंतरची बांधकामं अजून चालू होती. एका साइटच्या स्टोअरमध्ये त्याला काम मिळालं. सुरुवातीला तो फिलिपोला फोन करायचा. फिलिपोची मुलगी उचलायची आणि बाबा झोपलेत म्हणायची. पुढे तो नंबरच बंद झाला.

चंद्रहासची मुलगी आता चार वर्षांची आहे. बोटांचं काय झालं, असं ती इंग्लिशमधून विचारते. मशीनमध्ये गेली, तो मराठीतून सांगतो. फिलिपोचं तिला काही माहीत नाही.